न खाल्लेली बोलणी

मला आयुष्यात पुष्कळांनी शिव्या घातल्या. त्यातल्या एकाही शिवीने माझी झोप उडवली नाही. शिवी आली की मी तिची सव्वापट करून परत करतो आणि तिथल्या तिथे विषय संपतो. ज्या एका माणसाने मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही, तोच एवढी वर्षं माझ्या मागे आहे. तो जाऊन कितीतरी काळ लोटला, पण दुपारी उत्तरेच्या खिडकीतून उजेड आला की तो माझ्या गादीवर येऊन बसतो, लोडाला टेकतो आणि काही बोलत नाही.

तो म्हणजे जयपूरचा माझा पहिला शेठ.

आमचे वडील फौजेत सुभेदार होते. शेवटची बदली जयपूरला झाली आणि निवृत्त झाल्यावर ते तिथेच राहिले, कारण गावी सातारकडे भाऊबंदांनी त्यांच्यासाठी जागा ठेवली नव्हती. शहराच्या कडेला सोडाल्यात तेव्हा अर्ध्याहून जास्त प्लॉट मोकळे पडलेले होते. तिथे त्यांनी दोन खोल्या बांधल्या. घर जयपुरात असलं तरी तोंडं साताऱ्याचीच राहिली. मी उशिरा आलो की आई दारातूनच सुरू करायची, "मुडद्या, कुठं उलथला होतास?" सगळं बोलून झालं की त्याच दमात, "हातपाय धू. भाकरी निवतीय." आमच्याकडे बोलणी खाल्ल्याशिवाय जेवण मिळत नसे आणि जेवल्यावर बोलणी उरत नसत. मी जगाचा हिशेब असाच शिकलो. कुणी रागावलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

शाळेत माझं काही खरं नव्हतं. आठवड्याच्या सामानाला आईबरोबर बाजारात जायचो तेव्हा भाव मीच करायचो, आणि भाजीवाले मला बघून टोपली झाकून घ्यायचे. ही एवढीच विद्या घेऊन मी सायकलवरून जौहरी बाजार गाठला. तिथल्या एका गल्लीत दुपारनंतर रत्नांचे दलाल खिशात पुड्या घेऊन उभे असतात. एका व्यापाऱ्याचा माल दुसऱ्याला दाखवायचा, सौदा जमला तर दलाली घ्यायची. शेठनी मला एका रिक्षावाल्याशी भांडताना पाहिलं आणि वर बोलावलं. मला वाटलं, आवाज केला म्हणून झापतील. ते म्हणाले, "झगड़ते अच्छा हो। अब चुप रहना सीखो।"

शेठ किडकिडीत होते. पांढरं धोतर, कानात अत्तराचा फाया, सूर्य मावळायच्या आत जेवण. पांढऱ्या चादरीच्या गादीवर ते उत्तरेच्या खिडकीशी बसत, कारण खड्याचा खरा रंग त्याच उजेडात दिसतो. मला त्यांनी आपल्या डाव्या हाताला बसवलं आणि धंद्याचा पहिला धडा दिला: "मोल में जो पहले बोला, वो गया।" घेणारा पाचू बघत असायचा, शेठ त्याच्याकडे बघत असायचे, आणि मध्ये नुसता काट्याच्या पारड्यांचा आवाज. माझी जीभ वळवळायची. मी तोंड उघडणार एवढ्यात लोडाआडून त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर यायचा आणि अलगद दाबायचा. मी गप्प बसायचो. शेवटी घेणाराच चुळबुळत आकडा बोलायचा.

बाजारात मला कुणी नावाने हाक मारत नसे. मी 'मराठा'. कोणे एके काळी आमच्या लोकांनी जयपूरवाल्यांकडून खंडणी वसूल केली होती, ती त्यांनी अजून विसरलेली नव्हती. मी दिसलो की कुणीतरी ओरडायचं, "तिजोरी बंद करो भाई, मराठा चौथ लेने आया!" मी उलट ओरडायचो, "पिछली बार की बाकी है, निकालो!" सगळी गल्ली हसायची. त्या टोमण्यांवर माझं पोट भरायचं म्हटलं तरी चालेल.

शेठ मात्र कधी कुणाला बोलले नाहीत. चादरीवर चहा सांडला, "कोई बात नहीं।" खडा हातातून निसटून फरशीवर टिचला, "कोई बात नहीं।" त्यांचे जुने मुनीम एकदा वजनात गडबडले. तेव्हाही शेठ हसून म्हणाले, "कोई बात नहीं, मुनीमजी।" त्यानंतर थोड्याच दिवसांत मुनीमजींना शाल पांघरून, मिठाई देऊन गावी पोचवण्यात आलं. त्या निरोपाचा घेवर मीही खाल्ला. वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे! त्या घेवरात काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही. सातारच्या पोराला कळणार कसं?

आता मूळ गोष्ट सांगतो. त्यासाठी बाजाराचा एक रिवाज सांगावा लागेल. दलाल माल दाखवायला नेतो. घेणाऱ्याला पसंत पडला तर तो आपला भाव सांगतो आणि पुडीच्या घडीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही करतो. याला सील म्हणतात. ती पुडी तशीच बंद मालकाकडे परत न्यायची. मालकाने हो किंवा नाही म्हणेपर्यंत ती दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही. हा सगळा बाजार त्या गोंदाच्या पट्टीवर चालतो. जो पट्टी फोडून माल फिरवतो त्याला शिक्षा करणारं कोर्ट नाही, पण त्याच्या हातात पुन्हा पुडी पडत नाही.

थंडीचे दिवस होते. शेठच्या पाचूची एक पुडी मी पुढच्या रस्त्यावरच्या एका जाड्या व्यापाऱ्याला दाखवली. त्याने बराच वेळ बघितलं, भाव बोलला, पट्टी लावून सही केली. मी पुडी आतल्या खिशात घालून गादीवर आलो तर शेठ देवळात गेलेले. गादीवर त्यांचा मुलगा होता. माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, नवी स्कूटर. वडिलांशिवाय एखादा सौदा करून दाखवावा अशी त्याला फार हौस.

"लाओ, बाऊजी आएँगे तो दे दूँगा।"

मी पुडी काढली, पण हातातच धरली.

"क्या हुआ, मराठा? मुझ पर भरोसा नहीं?"

मी दिली. गादीचा माल गादीच्या वारसाच्या हाती देणं याला तिथे कुणी चूक म्हणत नाही. तेव्हाही म्हणत नव्हतं, आजही म्हणत नाही. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

दुसऱ्या दिवशी पानाच्या ठेल्यावर एक तिसराच व्यापारी भेटला. तोंडात पान, बोटाला चुना. पाचूबद्दल म्हणाला, "तुम्हारे सेठ का पन्ना बढ़िया है। कल शाम छोरा दिखा गया। पर भाव तो आसमान का माँगता है।"

पोराने पट्टी फोडून माल दुसरीकडे नेला होता. मी पानाचे पैसेही न देता सुटलो. जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. वर जाऊन काय बोलायचं ते तोंडात तयार होतं, हिंदीत अर्धं आणि मराठीत अर्धं.

वर गेलो तर जाडा व्यापारी शेठसमोर बसलेला. त्याचं बोलून झालं होतं, हे त्याच्या रिकाम्या कपावरून कळत होतं. पांढऱ्या चादरीवर ती पुडी होती. पट्टी फाडून पुन्हा चिकटवलेली, सहीचे दोन तुकडे एकमेकांशी न जुळणारे. पुडी कुणी फोडली, याचं काहीतरी उत्तर त्या खोलीत माझ्या येण्याआधीच दिलं गेलं होतं. जाडा उठला, मला हात जोडून "राम-राम" म्हणाला आणि गेला. एवढ्या आदराने तो मला यापूर्वी कधी भेटला नव्हता.

मुलगा कोपऱ्यात काट्यावर खडे तोलत होता. तेच खडे पारड्यात घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. त्याचे कान लाल झाले होते. मान वर नाही.

"आओ सा," शेठ म्हणाले. "विराजो। ठंड है। चाय लोगे?"

मी बसलो. सगळं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. आणि तिथेच मला त्यांचाच धडा आठवला. जो आधी बोलला तो गेला. न विचारता खुलासा देतो तो चोर. त्यांनी विचारू दे. 'पुडी का फुटली?' एवढंच म्हणू दे, मग मी असा काही बोलेन की खालच्या दुकानातली माणसं वर येतील. मी वाट बघत राहिलो. शेठ खिडकीकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांवर होते. चहा आला, त्यावर साय धरली, मी सायीसकट प्यायलो. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "फिर आना।"

आणि खरं सांगतो, जिना उतरताना मी खूश होतो! मला वाटलं, शेठना कळलंय पोराचं काम आहे ते, म्हणून मला बोलले नाहीत. घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "एका शब्दानं बोलले न्हाईत? देवमाणूस रे!" संक्रांत जवळ आली होती. तिने तिळगुळाचा डबा भरून दिला. गच्च्यांवर पतंगांचा गोंगाट चाललेला, "वो काटा! वो काटा!" त्यातून सायकल काढत मी गादीवर गेलो. शेठच्या हातावर तिळगूळ ठेवला, आमच्यात काय म्हणतात ते म्हटलं आणि अर्थही सांगितला. तिळगूळ घ्या, गोड बोला.

शेठ हसले. "मीठा तो हम बोलते ही हैं, सा।"

डबा त्यांनी रिकामा परत केला नाही. संक्रांतीची गोड फेणी भरून दिली. मी पुडी मिळेल म्हणून थांबलो. ते म्हणाले, "अभी माल नहीं है।" त्यांच्या पाठीमागे तिजोरी होती आणि मोकळ्या हाताने उठणारा दलालांपैकी मी एकटाच होतो.

त्यानंतर माल कधीच नव्हता.

सगळ्यात आधी गेले ते टोमणे. गल्लीत शिरलो की कुणी तिजोरी बंद करायला सांगेना. "कैसे हो भाई? घर में सब कुशल?" एवढं विचारून लोक दुसरीकडे बघत. मी एकदा स्वतःच ओरडलो, "चौथ निकालो रे!" दोघेतिघे कसनुसं हसले. एकाने माझ्यासाठी चहा मागवला. तेव्हा कुठे मला उमगलं. तोवर मी समजत होतो की मला काही शिक्षा झालेली नाही. ती संपूर्ण झालेली होती आणि मी तिची फेणी घरी नेऊन खाल्ली होती.

मी घरी आदळआपट करू लागलो. वडील पेपर खाली ठेवून म्हणाले, "कुणी काही बोललंय का तुला?"

"नाही."

"कुणी काही आरोप केलाय?"

"नाही."

"मग भांडतोयस कुणाशी?"

मी तांब्या आदळला. ते म्हणाले, "आमच्याकडे आधी चार्ज वाचून दाखवतात. जवानाला बोलायला देतात. मग शिक्षा. तुमच्या बाजारात हे काय?" कोट घालून, पदकं लावून ते स्वतः शेठकडे जायला निघाले. मी दार अडवलं. बापाने जाऊन मुलासाठी आधी बोलायचं? म्हणजे दोघेही हरलो.

दलाली सुटली तेव्हा मी टोंककडचा तामडा घ्यायला लागलो. तो लाल खडा त्या काळी मोठे व्यापारी हातात धरत नसत. सोडाल्याच्या घरामागे पत्रा टाकून सहाण बसवली, घासणारे आणले, खेड्यापाड्यांत बसने फिरून कच्चा माल उचलला. घासाघीस करताना मी कुणाला सोडलं नाही आणि कुणी मला फसवलं नाही. काही वर्षांत त्याच बाजारात, दोन गल्ल्या सोडून, माझी स्वतःची गादी झाली. तीही उत्तरेच्या खिडकीशी.

पण शांततेची मला धास्ती बसली ती बसली. घेणारा खडा बघत गप्प राहिला की मीच भाव बोलून बसायचो, कित्येकदा नुकसानीत. घरी बायको गप्प दिसली की मी विचारायचो, "काय झालं? जे असेल ते बोल तोंडावर!" ती म्हणायची, "अहो, मी मेथी निवडतेय." गल्लीत दोन माणसं बोलता बोलता थांबली की वाटायचं, माझंच चाललं होतं. दिवसाढवळ्या, भर बाजारात, अत्तराचा तो वास आला की मी मागे वळून बघायचो. कधी कधी शेठ खरेच समोरून येत असायचे. दरवेळी हात आधी तेच जोडायचे. वयाने केवढे, पण मला पहिला नमस्कार करायची संधी त्यांनी कधी दिली नाही. त्यांच्या त्या जोडलेल्या हातांची मला जेवढी भीती वाटली तेवढी सुभेदारांच्या पट्ट्याची कधी वाटली नव्हती.

या सगळ्याला दहा वर्षं होत आली होती तेव्हा शेठ गेल्याची बातमी आली. तिकडे तिसऱ्या दिवशी बैठक असते. मी गेलो ते रडायला नाही. सगळा बाजार तिथे असणार होता, जाडा व्यापारीही. ठरवलं होतं, आज सगळ्यांसमोर बोलायचं. मेलेल्या माणसाशी काय सौदा, आधी बोललो तर बोललो.

पण बैठकीत कुणी बोलत नाही. पांढऱ्या चादरींवर लोक येतात, बसतात, हात जोडतात, उठतात. शंभर माणसांत नुसता चपलांचा आवाज. मी माझं वाक्य तोंडात घेऊन बसून राहिलो. लोक उठले तेव्हा शेठच्या मुलाने माझा हात धरला. केस कानशिलांवर पिकायला लागले होते. मला तो आतल्या गादीच्या खोलीत घेऊन गेला. शेठच्या जागेवर तो बसला नाही, तिच्या शेजारी बसला. मी माझ्या जुन्या जागी बसलो.

"भाईसाहब," तो म्हणाला. पूर्वी मी त्याचा मराठा होतो. "बाऊजी आपका पूछते थे।"

"क्या पूछते थे?"

"शाम को, गद्दी बढ़ाते समय। 'वो आया था? कुछ बोला?' बस इतना। रोज़।"

"और तुम?"

"कहता था, नहीं आए।"

मग त्याने खिशातून तिजोरीची किल्ली काढून चादरीवर ठेवली, बरोबर तिथे, जिथे ती फुटलेली पुडी होती. "परसों माँ ने दी। उस दिन के बाद बाऊजी ने कभी हाथ नहीं लगाने दी। कारण नहीं बताया। मैंने पूछा भी नहीं।"

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्याच दिवसापासून, मी सायीसकट चहा पीत होतो तेव्हाही. इतकी वर्षं मी समजत होतो की एका चांगल्या माणसाने मला चुकून चोर ठरवलं. चूक समजून मी त्यांना थोडंफार माफही करत आलो होतो. पण त्यांनी मला चोर ठरवलंच नव्हतं. पोराचं नाव निघू नये म्हणून त्यांनी मुकाट्याने बाजाराचा संशय माझ्यावर राहू दिला, आणि रोज संध्याकाळी वाट बघितली की मी येऊन आधी बोलेन. लोक मला म्हणतात, तू बोलला असतास तर मिटलं असतं. का? विचारायचं काम त्यांचं होतं. हे मी त्यांच्या गादीवर बसून म्हटलं असतं, आणि इथेही म्हणतो.

मुलगा रडत होता. "मुझे किसी ने कुछ नहीं कहा, भाईसाहब। न बाऊजी ने, न आपने। आप तो गाली देने वाले आदमी हैं। दे दीजिए। एक बार जी भर के दे दीजिए।"

माझ्याजवळ शिव्या होत्या. इतक्या वर्षांत घासून पैलू पाडलेल्या होत्या. मी तोंड उघडलं. आणि माझ्या गुडघ्यावर कुणीतरी अलगद दाबलं.

उजवीकडची जागा रिकामी होती. चादरीवर सुरकुतीही नव्हती.

मी उठलो, किल्ली उचलून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "कोई बात नहीं।"

त्याचा चेहरा कागदासारखा झाला. तो त्या गादीचा मुलगा होता. त्याला त्या तीन शब्दांचा अर्थ शिकवावा लागत नव्हता.

त्यानंतर गल्लीत तो दिसला की मी आधी हात जोडतो. तो रस्ता बदलतो. माझं मन हलकं होईल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उलट आता खिडकीशी दोघे बसतात, बाप आणि पोरगा.

परवा संध्याकाळी गादी आवरताना माझ्याच तोंडून शब्द निघाले, "वो आया था? कुछ बोला?" माझा म्हातारा नोकर चादर झटकत होता. म्हणाला, "कौन, सा?" मी त्याला आईमाईवरून चांगल्या सणसणीत शिव्या हासडल्या. तो हसला, त्याने माझ्याही चार पिढ्या काढल्या आणि आरामात घरी गेला. मी बराच वेळ कुलूप हातात घेऊन जिन्यावर उभा होतो.